तांबं, कळक आणि बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीची गोष्ट कुणीही सांगायला घेतली की तीच चार नावं येतात. मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ही चौघं शेजारी शेजारी राहतात. घर नंबर २५, २६, २७, २८. आता पुढचं दार वाजवा. २९ नंबरला कोण राहतं? तांबं!

चार शेजाऱ्यांना नोकरी लागली आणि पाचव्याला नाही, असं का झालं असावं? तसं बघितलं तर विजेच्या धंद्यात तांब्याइतकी जुनी ओळख कुणाचीच नाही. आणि बायोडेटा तर असा की इंटरव्ह्यू न घेता ऑफर लेटर द्यावं. गेले काही वीकेंड मी या प्रश्नाच्या मागे आहे. मी काही केमिस्ट नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण इंजिनियरिंगला शिकलेली केमिस्ट्री अगदीच वाया गेली नाही एवढं या निमित्ताने कळलं :)

आधी तो बायोडेटा बघूया. बॅटरीच्या दुनियेत एखाद्या पदार्थाची ताकद मोजतात ती अशी, की त्याचा एक ग्रॅम किती मिलिअँपिअर-तास वीज साठवू शकतो. लॅपटॉप आणि मोबाईलमधे ज्याने राज्य केलं त्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कागदावरचा आकडा २७४ आहे आणि प्रत्यक्षात त्यातले निम्म्याच्या आसपासच वर्षानुवर्षं वापरले गेले. तांब्याचं बघा. कॉपर ऑक्साइड, ६७४. कॉपर सल्फाइड, ५६०. कॉपर फ्लुओराइड, ५२८, आणि तेसुद्धा साधारण साडेतीन व्होल्टला. म्हणजे एका किलोमागे १८०० वॅट-तासांच्या वर! हे आकडे मी स्वतः अणुभारावरून काढून पाहिले, बरोबर येतात. तांब्याच्या एका अणूला दोन इलेक्ट्रॉन दिले की तो संयुगातून सुटून शुद्ध धातू होतो. कोबाल्टच्या त्या संयुगात एका अणूमागे जेमतेम अर्धा इलेक्ट्रॉन कामाला येतो. फरक आला तो इथून.

आणि ही काही प्रयोगशाळेत जन्मलेली विचित्र रसायनं नव्हेत. कॉपर ऑक्साइड निसर्गात सापडतं, त्या खनिजाचं नाव टेनोराइट. कॉपर सल्फाइड सापडतं, त्याचं नाव कोव्हेलाइट. गंमत म्हणजे दोन्ही नावं इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरून आली आहेत. तिथल्या वाफा सोडणाऱ्या भेगांमधे निकोला कोव्हेली या खनिजतज्ज्ञाला निळं-जांभळं कॉपर सल्फाइड सापडलं आणि १८३२ साली त्याला कोव्हेलीचं नाव मिळालं. १८४१ मधे तिथल्याच काळ्या कॉपर ऑक्साइडला नेपल्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेले तेनोरे यांचं नाव दिलं गेलं. एकाच डोंगरावरच्या या दोन खनिजांना पुढे लिथियमबरोबर एकाच दशकात नोकरी लागणार होती. ती कशी ते पुढे येईलच.

आता इतिहास. १८३६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात जॉन फ्रेडरिक डॅनिएल यांनी त्यांचा प्रसिद्ध सेल बनवला. तांब्याचं भांडं, त्यात मोरचुदाचं निळं पाणी, आणि मधे जस्ताची कांडी. (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना वेगळं सांगायला नको, बोर्डो मिश्रणात ते चुन्याबरोबर पडतंच.) जस्त विरघळतं, इलेक्ट्रॉन सोडतं, ते तारेतून फिरून तांब्याकडे येतात आणि मोरचुदातलं तांबं ते इलेक्ट्रॉन घेऊन भांड्याला चिकटतं. व्होल्टेज साधारण १.१. आधीचे सेल थोड्याच वेळात मान टाकायचे, हा मात्र तासन्‌तास एकसारखा करंट द्यायचा. पुढची कित्येक दशकं तारायंत्रं याच्या आणि याच्या भाऊबंदांच्या जिवावर चालली.

पण या सेलमधे एक खोड होती आणि या लेखाचा सगळा जीव त्या खोडीत आहे. निळं पाणी जस्तापर्यंत पोचलं की संपलं. तांबं थेट जस्तावर जाऊन बसतं आणि वीज बाहेर न येता आतल्या आत खर्च होते. म्हणून डॅनिएलनी दोघांच्या मधे पडदा घातला. आधी बैलाच्या अन्ननलिकेचा, नंतर मातीच्या सच्छिद्र भांड्याचा. पुढे तारखात्यांमधे जो 'ग्रॅव्हिटी सेल' आला त्यात तर पडदाही नव्हता. जड मोरचूद खाली, हलकं पाणी वर, बस्स. तो सेल नुसता ठेवून चालायचा नाही, त्यातून सतत थोडा तरी करंट घेत राहावं लागे. नाहीतर निळं पाणी हळूहळू वर चढायचं.

आपल्या मराठीत या प्रकाराला जवळचा एक फार नेमका शब्द आहे. कळकणं. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. आंबट पदार्थ तांब्याला खातो, तांबं विरघळून पदार्थात उतरतं, आणि चव तर जातेच, खाणाऱ्याच्या पोटाचंही काही खरं नसतं. तांबं आपली जागा सोडून जिथे जायला नको तिथे गेलं, एवढाच कळकण्याचा अर्थ. बॅटरीतल्या तांब्याचा दोनशे वर्षांचा इतिहास मला विचाराल तर या एका शब्दात मावतो.

बरं, ही खोड आधी कुणी आटोक्यात आणली? फ्रान्सच्या फेलिक्स द लालांद यांनी. १८८० च्या दशकाच्या सुरवातीला त्यांनी आणि जॉर्ज शापरों यांनी मोरचुदाचं पाणी काढून टाकलं आणि त्याऐवजी घन कॉपर ऑक्साइड वापरलं, समोर जस्त आणि मधे कॉस्टिकचं पाणी. कॉपर ऑक्साइड त्यात फारसं विरघळत नाही. म्हणजे कळकणं जवळजवळ बंद! व्होल्टेज मात्र एकच्याही खाली. एडिसन यांनी हे डिझाईन उचललं आणि 'एडिसन-लालांद' नावाने विकलं. अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नलना हे सेल अनेक दशकं पुरले. ताकद बेताची, पण हाक मारली की हजर. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता एकदम १९५० च्या दशकाच्या शेवटाला येऊ. लिथियम पाण्याशी भांडतं, त्यामुळे लिथियमची बॅटरी करायची तर पाणी नसलेला द्रव हवा. १९५८ साली बर्कलीला विल्यम हॅरिस यांच्या प्रबंधात असे द्रव सापडले ज्यांच्यात लिथियम शांत राहतं. लगेच प्रश्न आला, एका बाजूला लिथियम, मग दुसऱ्या बाजूला काय? १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळ आणि लष्कराच्या पैशावर जी शोधाशोध झाली तिच्यात कॉपर फ्लुओराइड आणि कॉपर क्लोराइड पुढच्या रांगेत होते. का नसणार, आकडे वर दिलेच आहेत. आणि झालं काय? तांब्याचे क्षार त्या द्रवात विरघळले, लिथियमपर्यंत पोचले आणि त्याच्यावर जाऊन बसले. कपाटात ठेवलेला सेल आपोआप मरायचा. १८३६ चीच गोष्ट, फक्त जस्ताच्या जागी लिथियम. आमच्या धंद्यात नवीन प्लॅटफॉर्मवर जुना बग तसाच्या तसा अवतरतो ना, अगदी तसं.

१९७० च्या दशकात लोकांनी लालांदचाच धडा परत गिरवला. कमी विरघळणारी संयुगं घ्या, भले व्होल्टेज कमी मिळो. इथे व्हेसुव्हियसची ती दोन खनिजं गोष्टीत येतात (अर्थात कारखान्यात बनवलेल्या रूपात). कॉर्डिस या अमेरिकन कंपनीने पेसमेकरमधे लिथियम-कॉपर सल्फाइडची बॅटरी वापरली. तिचा एक गुण मला फार आवडला. कॉपर सल्फाइड दोन पायऱ्यांनी रिकामं होतं. आधी अर्धं गंधक जातं आणि व्होल्टेज २.१ च्या आसपास राहतं, मग उरलेलं जायला लागलं की व्होल्टेज पायरी उतरून १.७ च्या आसपास येतं. म्हणजे बॅटरी स्वतःच सांगते, "बाबांनो, अर्धी संपले, तयारीला लागा." छातीत बसवलेल्या यंत्राला याहून चांगला इंडिकेटर कुठला? तरी पेसमेकरच्या शर्यतीत शेवटी जिंकली ती विल्सन ग्रेटबॅच यांनी पुढे आणलेली लिथियम-आयोडीन बॅटरी. पण माणसाच्या काळजाजवळ तांब्याच्या बॅटरीने इमानाने नोकरी केली, हे नोंदवायला हवं.

दुसरं खनिज, कॉपर ऑक्साइड, फ्रान्सच्या साफ्ट कंपनीने धरलं. लिथियम-कॉपर ऑक्साइड सेल काम करताना १.५ व्होल्ट देतो, म्हणजे नेहमीच्या पेन्सिल सेलइतकेच. जुन्या सेलच्या जागी सरळ घालता येईल असा लिथियम सेल! पण पुढे ही जागाही गेली. १९९० च्या दशकापासून दुकानात मिळणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल लोखंडाच्या पायराइटचे आहेत. तेही खनिजच, पण स्वस्त आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा मोठा झटका सहन करणारं.

हे सगळे एकदा वापरून फेकायचे सेल होते. खरी परीक्षा पुन्हा पुन्हा चार्ज होण्याची. आणि इथे खेळाचे नियमच बदलले.

१९७६ साली स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम सल्फाइडचा इलेक्ट्रोड दाखवला. त्याची रचना थरांची. लिथियम थरांच्या मधे शिरतो, परत बाहेर येतो, थर जागच्या जागी. एसटीसारखं समजा. प्रवासी चढतात, उतरतात, सीटा हलत नाहीत. १९८० साली ऑक्सफर्डमधे गुडइनफ, मिझुशिमा आणि सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणलं, तीही एसटीच. अकिरा योशिनो यांनी समोर कार्बन बसवला आणि १९९१ मधे सोनीने माल बाजारात आणला. (व्हिटिंगहॅम, गुडइनफ, योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं.) १९९७ मधे गुडइनफ यांच्याच गटाने, त्यात पहिलं नाव अक्षय पाढी यांचं, लिथियम आयर्न फॉस्फेट आणलं, तेही ट्रिफिलाइट नावाच्या खनिजाच्या घराण्यातलं. म्हणजे खनिजांना या धंद्यात मज्जाव नव्हता, अट एकच होती. सीट हलता कामा नये.

तांब्याची ती संयुगं एसटी नाहीत. तिथे लिथियम आला की घरच पाडतात. कॉपर ऑक्साइड अधिक लिथियम म्हणजे एकीकडे तांब्याचे बारीक कण आणि दुसरीकडे लिथियम ऑक्साइडचा ढिगारा. चार्ज करताना त्या ढिगाऱ्यातून तोच वाडा पुन्हा उभा करायचा, आणि हे पाचशे वेळा. शिवाय अजून एक अडचण. १९९१ च्या बॅटरीत कार्बनच्या बाजूला लिथियम नसतो, तो कोबाल्टवाल्याने घरून आणलेला असतो. कॉपर ऑक्साइड किंवा फ्लुओराइड येतात हात हलवत. मग समोर लिथियम धातू ठेवायला हवा, आणि तसं करणाऱ्या मॉली एनर्जी या कॅनडाच्या कंपनीच्या बॅटरीला १९८९ मधे जपानमधे मोबाईल फोनमधे आग लागल्यापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला होता.

पण २००० साली मोठी बातमी आली. फ्रान्समधल्या आमियाँच्या विद्यापीठात ज्याँ-मारी तारास्कों यांच्या गटाने 'नेचर'मधे दाखवलं की ऑक्साइडचे कण नॅनो आकाराचे घेतले तर वाडा पाडून पुन्हा बांधता येतो! कोबाल्ट, निकेल, लोखंड, तांबं, सगळ्यांची ऑक्साइडं कार्बनच्या बाजूला वापरून पाहिली. सगळ्यात उत्तम निकाल ग्रॅमला ७०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत आणि तो शंभर फेऱ्या टिकला. ग्रॅफाइटचा कागदावरचा आकडा ३७२ आहे, म्हणजे जवळपास दुप्पट. मग अक्षरशः पूर आला. कॉपर ऑक्साइडच्या तारा, फुलं, पोकळ गोळे, नाना आकार. पण बाजारात काही आलं नाही. कारण पाडायला लागतं तेवढ्या व्होल्टेजला बांधकाम होत नाही, मधे साधारण एक व्होल्टची तूट पडते. दरवेळी रुपया भरून बारा आणे मिळणार असतील तर ते बँकेत कोण ठेवेल?

त्याच गटाने २००३ मधे अजून एक सुंदर गोष्ट दाखवली. तांबं आणि व्हेनेडियमच्या एका ऑक्साइडमधे लिथियम शिरला की तांबं धातूच्या रूपात, झाडाच्या फांद्यांसारखं, स्फटिकातून बाहेर येतं, आणि चार्ज केलं की परत आत जाऊन बसतं. कॉपर फ्लुओराइडचा पिच्छाही सुटला नाही. २०१५ साली ब्रुकहेवनच्या फेंग वांग आणि सहकाऱ्यांनी तांबं आणि लोखंड अर्धं अर्धं घालून फ्लुओराइड बनवलं तर तूट ०.१५ व्होल्टच्याही खाली आली. पण चार्ज करताना तांबं द्रवात विरघळत होतं. घ्या, परत कळकलं!

आता तुम्ही म्हणाल, मग कल्हई करा की! करून बघितली, अगदी शब्दशः. तांब्याच्या भांड्यावर वितळलेलं कथील फिरवलं की दोघांच्या मधे एक पातळ थर तयार होतो, सहा अणू तांब्याचे आणि पाच कथलाचे. सोल्डरिंगच्या जोडातही तोच थर असतो. नवसागराचा धूर काढत बसलेल्या कल्हईवाल्याने हजारो भांड्यांवर तो बनवला असेल. १९९९ मधे अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेत मायकेल थॅकरे यांच्या गटाने तेच संयुग लिथियम बॅटरीच्या अ‍ॅनोडसाठी वापरून बघितलं. कथील लिथियमला धरतं आणि तांबं आधार देतं अशी कल्पना. तीही मागे पडली, कारण लिथियम घेऊन कथील फुगतं आणि भेगा पडतात.

मग तांबं बॅटरीत नाहीच का? आहे! तुमच्या खिशातल्या फोनच्या बॅटरीतही आहे. कार्बनचा थर ज्या पत्र्यावर लावतात तो पातळ पत्रा तांब्याचाच असतो. तिथे अ‍ॅल्युमिनियम चालत नाही कारण त्या व्होल्टेजला लिथियम त्याच्यात शिरून त्याची माती करतो. तांबं तेवढं निश्चल. म्हणजे ज्याला नायक व्हायचं होतं त्याने आयुष्यभर रंगमंचाची फळी म्हणून काम केलं.

आणि फळीलाही तीच जुनी खोड आहे बरं का. बॅटरी खरोखर शून्यापर्यंत उतरवली तर कार्बनच्या बाजूचं व्होल्टेज चढत चढत लिथियमच्या वर साडेतीनच्या आसपास जातं. हा आकडा ओळखीचा वाटला? कॉपर फ्लुओराइडचाच. त्या पातळीला तांबं विरघळू लागतं. पत्रा कळकतो, आणि पुन्हा चार्ज केलं की ते तांबं भलत्याच जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. म्हणून बॅटरीतलं सर्किट त्याच्या बरंच आधी वीज तोडतं. फोन ०% दाखवतो ते खरं शून्य नसतंच. आणि म्हणूनच महिनोन्‌महिने मेलेल्या अवस्थेत पडलेली बॅटरी युक्त्या करून जबरदस्तीने जिवंत करू नये. हा लेख वाचून एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझे वीकेंड सत्कारणी लागले.

शेवटचा अंक चीनमधला. बीजिंगच्या भौतिकी संस्थेत हू योंगशेंग यांच्या गटाने २०१५ साली लिथियमऐवजी सोडियमसाठी थरांचं एक ऑक्साइड जाहीर केलं. त्यातल्या धातूच्या दहा जागांपैकी साधारण दोन तांब्याला, तीन लोखंडाला, पाच मँगनीजला. निकेल नाही, कोबाल्ट नाही. इथे तांब्याला कुणी धातू व्हायला सांगत नाही, घर पाडायला सांगत नाही. आपल्या जागेवर बसून एखादा इलेक्ट्रॉन द्यायचा आणि परत घ्यायचा. आकडा? ग्रॅमला फक्त १०० च्या आसपास. ६७४ कुठे आणि १०० कुठे! पण ही एसटी चालली. याच संस्थेतून २०१७ मधे हायना नावाची कंपनी निघाली आणि २०२३ मधे त्यांच्या सोडियम सेलवर चालणारी छोटी कारही दाखवली गेली. गंमत अशी की सोडियम अ‍ॅल्युमिनियमच्या वाटेला जात नाही, त्यामुळे या बॅटरीत पत्र्यासाठी तांब्याची गरजच उरत नाही. तांबं फळीवरून उतरलं आणि थेट नटांच्या रांगेत जाऊन उभं राहिलं.

दर दोन-चार महिन्यांनी "क्षमता तिप्पट करणारी बॅटरी" अशी बातमी येते. पुढच्या वेळी वाचाल तेव्हा आकड्याकडे बघून हुरळू नका. दोनच प्रश्न विचारा. वाडा पाडतात की एसटी चालवतात? आणि कळकतं का? लालांदच्या सेलपासून सोडियमच्या गाडीपर्यंत तांबं जिथे जिथे टिकलं, तिथे त्याच्याकडून कमी मागितलं होतं आणि जागेवर बसू दिलं होतं.